नेव्हिगेशन बारमध्ये स्वतःच्या चित्रांची बटणं: निळा चौकोन, फुगलेला फोटो आणि बंद पडलेला स्वाइप

प्रश्न थोडक्यात असा. दुकानाचं आयफोन ॲप यूआयकिटमध्ये, म्हणजे ॲपलच्या पडदे बांधायच्या लायब्ररीत, लिहिलं आहे. नेव्हिगेशन बारच्या (पडद्याच्या वरच्या पट्टीच्या) उजवीकडे रंगीत कार्टचं आयकॉन आणि ग्राहकाचा गोल फोटो हवा आहे, डावीकडे नेहमीच्या बाणाऐवजी डिझायनरने दिलेला बाण. प्रत्यक्षात कार्टच्या जागी निळा चौकोन दिसतो. फोटो इतका फुगतो की शीर्षकच नाहीसं होतं. कार्टवर टॅप केलं तर काही घडत नाही. आणि नवा बाण लावल्यापासून पडद्याच्या कडेवरून स्वाइप करून मागे जाता येत नाही.

चारही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे: बार आपला आहे असं धरून त्यात चित्रं चिकटवली जात आहेत. बार असतो नेव्हिगेशन कंट्रोलरचा, म्हणजे एकामागून एक पडदे दाखवणाऱ्या घटकाचा. तुमच्या प्रत्येक व्ह्यू कंट्रोलरकडे (एकेका पडद्याचं काम बघणाऱ्या ऑब्जेक्टकडे) फक्त एक नेव्हिगेशनआयटेम असतो आणि त्यात तुम्ही यूआयबारबटनआयटेम ठेवता. हा आयटेम म्हणजे व्ह्यू, पडद्यावर दिसणारा घटक, नव्हे. ती दुकानात दिलेल्या यादीसारखी एक चिठ्ठी आहे: हे चित्र, हे शीर्षक, टॅप केल्यावर हे काम. प्रत्यक्ष बटण बार स्वतः काढतो, आणि ते कसं काढायचं हे ॲपल अधूनमधून बदलतं. २०१३ मध्ये आयओएस ७ ने बदललं, २०१७ मध्ये आयओएस ११ ने, २०२५ मध्ये आयओएस २६ ने. ज्यांनी चिठ्ठीपुरतं काम ठेवलं त्यांना या बदलांचा फारसा त्रास झाला नाही. ज्यांनी कस्टमव्ह्यू, म्हणजे आयटेममध्ये स्वतःचा व्ह्यू, घालून सगळं स्वतःच्या हातात घेतलं, त्यांना दर वेळी तो कोड नव्याने उघडावा लागला.

म्हणून माझा क्रम ठरलेला असतो. आधी साधा चित्राचा आयटेम. तेवढ्याने भागत नसेल तर चित्र हवं तसं तयार करून घ्यायचं आणि पुन्हा साधाच आयटेम वापरायचा. कस्टमव्ह्यू अगदी शेवटी. (एपीआयची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, एक्सकोडमध्ये, म्हणजे ॲपलच्या कोड लिहायच्या ॲपमध्ये, सुरुवातीची अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव समोर येतंच.)

निळा चौकोन

बारला दिलेलं चित्र यूआयकिट आपोआप टेम्प्लेट धरतं. म्हणजे त्यातले रंग सोडून देतं आणि फक्त अल्फा चॅनल, म्हणजे कुठला भाग किती पारदर्शक आहे ते, वाचतं. चित्र जिथे अपारदर्शक आहे तिथे टिंटचा, म्हणजे ॲपच्या बटणांना ठरवलेला, रंग (मुळात निळा) भरायचा, जिथे पारदर्शक आहे तिथे काहीच नाही. तुमच्या कार्टच्या पीएनजीला मागे पांढरी पार्श्वभूमी असणार. डोळ्याला ती रिकामी जागा वाटते, पण अल्फाच्या हिशेबात ती काठोकाठ भरलेली आहे. म्हणून अख्खा चौकोन निळा. फाइल जेपीजी असेल तर बोलायलाच नको, त्या फॉरमॅटमध्ये अल्फा नसतोच.

उपाय दोन, आणि कुठला घ्यायचा हे चित्रावर ठरतं. आयकॉन एकरंगी असेल तर डिझायनरकडून पारदर्शक पार्श्वभूमीची फाइल मागवा आणि टेम्प्लेटच राहू द्या. डार्क मोडमध्ये रंग बदलणं, बटण डिसेबल केल्यावर फिकं होणं, ॲपच्या टिंटशी जुळणं हे सगळं मग फुकट मिळतं. चित्राचे रंग खरोखर हवे असतील, म्हणजे कंपनीचा लोगो, एखादा झेंडा, माणसाचा फोटो, तर रेंडरिंग मोड ऑलवेजओरिजिनल करा. हे ॲसेट कॅटलॉगमध्ये (एक्सकोडमधल्या चित्रांच्या संग्रहात) त्या चित्राच्या 'रेंडर ॲज' या पर्यायातून करता येतं किंवा कोडमध्ये विथरेंडरिंगमोड ही मेथड वापरून. कोडमध्ये करत असाल तर एक गोष्ट बघा: ही मेथड मूळ चित्र बदलत नाही, नवं चित्र परत देते. परत आलेलं चित्र कशात साठवलंच नाही तर निळा चौकोन तिथेच राहतो आणि माणूस म्हणतो, 'ओरिजिनल करूनही चालत नाही.' लोगोसारखं सगळीकडे रंगीतच दिसणारं चित्र असेल तर मी कॅटलॉगमध्ये करतो. तेच चित्र कुठे रंगीत, कुठे टिंटमध्ये हवं असेल तर कोडमध्ये.

कार्टला मुळात रंग हवा आहे का, हेही एकदा डिझायनरला विचारा. रंगीत कार्ट पांढऱ्या बारवर छान दिसतं आणि डार्क मोडमध्ये त्याची गडद रेषा काळ्यात विरघळते. मग कॅटलॉगमध्ये डार्कसाठी वेगळं चित्र ठेवावं लागतं. एकरंगी चालणार असेल तर २०१९ पासून, म्हणजे आयओएस १३ पासून, एसएफ सिम्बॉल्स, ॲपलची तयार चिन्हं, आहेतच. त्यात 'कार्ट' नावाचं चिन्ह तयार आहे, आणि ते शेजारच्या अक्षरांच्या जाडीशी जुळवून घेतं. स्वतःचं चित्र वापरण्याची हौस कुठे भागवायची हे ठरवलेलं बरं.

माप

फुगण्याचं कारण पॉइंट आणि पिक्सेल यांतली गल्लत. पॉइंट हे मांडणीचं माप; दुप्पट पडद्यावर एका पॉइंटच्या लांबीत दोन पिक्सेल बसतात, तिप्पटवर तीन. तुमची फाइल ५१२ बाय ५१२ पिक्सेलची आहे आणि तिच्या नावात 'ॲट टूएक्स' किंवा 'ॲट थ्रीएक्स' असं काही नाही. त्यामुळे यूआयकिट तिला एकपट धरतं आणि ती ५१२ पॉइंटची होते. आयफोन १४ चा पडदा उभा धरल्यावर ३९० पॉइंट रुंद असतो आणि नेव्हिगेशन बार आयओएस २६ च्या आधी ४४ पॉइंट उंच असे. शीर्षक जाणार कुठे? बार मोठं चित्र आपणहून लहान करेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बारमधल्या आयकॉनसाठी २४ बाय २४ पॉइंट धरा, फार तर २८. दुप्पट पडद्यासाठी ते ४८ पिक्सेल, तिप्पटसाठी ७२. त्याहून सोपं म्हणजे पीडीएफ किंवा एसव्हीजी घ्या आणि कॅटलॉगमध्ये 'सिंगल स्केल' निवडा. एसव्हीजी एक्सकोड १२ पासून, म्हणजे २०२० पासून, चालते. फक्त तो व्हेक्टर मुळातच २४ पॉइंटच्या चौकटीत काढलेला हवा. ५१२ च्या आर्टबोर्डवरून एक्स्पोर्ट केला तर तो ५१२ च राहणार.

आयकॉन २४ चं असलं तरी टॅप करायची जागा ४४ बाय ४४ पॉइंटची हवी, हा ॲपलचा जुना दंडक आहे. साध्या आयटेममध्ये बार ती जागा स्वतः देतो. कस्टमव्ह्यूमध्ये ती तुम्हालाच द्यावी लागते, आणि बहुतेक जण विसरतात.

इंटरनेटवरची जुनी उत्तरं वाचताना आधी तारीख बघा. बटणाला फ्रेम दिली की झालं, हा सल्ला आयओएस १० पर्यंत खरा होता. आयओएस ११ पासून बार आतून ऑटो लेआउट (नियमांवरून मांडणी करणारी व्यवस्था) वापरतो, त्यामुळे कस्टमव्ह्यूला रुंदी आणि उंचीचे कन्स्ट्रेंट, म्हणजे तसे नियम, लागतात. नाही दिले तर चित्राचं मूळ मापच बटणाचं माप बनतं. बटण कडेला सरकवण्यासाठी उणे रुंदीची फिक्स्डस्पेस टाकायची क्लृप्तीही त्याच आवृत्तीत निकामी झाली. ती अजूनही कोणी सुचवत असेल तर ते पान बंद करा.

ग्राहकाचा फोटो

इथे बहुतेक जण थेट कस्टमव्ह्यूकडे धावतात: यूआयबटन, त्यात फोटो, कॉर्नररेडियस, क्लिप्सटूबाउंड्स, चार कन्स्ट्रेंट. चालतं, पण गरज नसते. गोल फोटो हे शेवटी एक चित्रच आहे. ते आधीच गोल करून घ्या.

यूआयग्राफिक्सइमेजरेंडरर ३० बाय ३० पॉइंटचा तयार करा. त्याच्या आत यूआयबेझियरपाथ घ्या, ओव्हलइन हा इनिशियलायझर, आणि त्यावर ॲडक्लिप करा. मग फोटो असा काढा की त्याची लहान बाजू ३० पॉइंट भरेल आणि मोठी बाजू दोन्हीकडे सारखी बाहेर जाईल. यासाठी रुंदीचं गुणोत्तर आणि उंचीचं गुणोत्तर यांतलं मोठं घ्यायचं. लहान घेतलं तर वर्तुळाच्या कडेला मोकळी फट राहते, आणि दोन्ही स्वतंत्र घेतली तर माणूस चपटा दिसतो. तयार झालेलं चित्र ऑलवेजओरिजिनल करून साध्या आयटेमला द्या. पडदा दुप्पट की तिप्पट हे रेंडरर स्वतः बघतो.

एक गोष्ट त्याच्याही आधीची. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो. फाइल तीन-चार एमबीची दिसली तरी मेमरीत उलगडल्यावर दर पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने ती सुमारे ४८ एमबी होते. तिप्पट पडद्यावर तुम्हाला हवं आहे ९० बाय ९० पिक्सेलचं वर्तुळ, म्हणजे ३२ हजार बाइटच्या आसपास. सर्व्हरवरून लहान थंबनेल मिळत असेल तर तेच मागवा. मिळत नसेल तर ॲपलच्या इमेजआयओ लायब्ररीतल्या थंबनेल फंक्शनने पूर्ण फोटो न उलगडता लहान प्रत काढा, तीही मेन थ्रेडवर नको, नाहीतर तेवढा वेळ पडदा अडकतो. लहान बाजूने ९० पिक्सेल भरायचे असल्यामुळे थंबनेलच्या मोठ्या बाजूची मर्यादा थोडी सैल ठेवा. अशा फोटोसाठी १२० पुरते.

फोटो येईपर्यंत तिथे 'पर्सन क्रॉप सर्कल' हे सिस्टमचं चिन्ह ठेवा. आल्यावर त्याच आयटेमचं इमेज बदला. नवा आयटेम करून अख्खा ॲरे पुन्हा लावलात तर बार नव्याने मांडणी करतो आणि बटणं क्षणभर हलल्यासारखी दिसतात.

कार्टवर वस्तूंचा आकडा दाखवायचा असेल तर मात्र आयओएस २६ च्या आधी त्यासाठी साध्या आयटेममध्ये तयार सोय नव्हती. आयओएस २६ मध्ये यूआयबारबटनआयटेमला बॅज, म्हणजे बटणावरचा छोटा आकडा, मिळाला. जुन्या आवृत्त्यांना पाठिंबा द्यायचा असेल तर मी तिथे आकडा न दाखवता चिन्हच बदलतो: रिकाम्या कार्टसाठी रेषांचं, काही असेल तर भरलेलं. ग्राहकाला बहुतेक वेळा तेवढंच कळायला हवं असतं. बॅज दाखवणार असाल आणि ॲप मराठीतही असेल तर आकडा नंबरफॉर्मॅटरमधून काढा. मराठी लोकेलमध्ये तो देवनागरी अंक देतो, आणि बाकी पडदा मराठीत असताना एकटं '12' रोमन लिपीच्या अंकांत डोळ्यांत खुपतं.

टॅप केल्यावर शांतता

याची तीन-चार ठरलेली कारणं आहेत. कस्टमव्ह्यू दिला असेल तर आयटेमचे टार्गेट (काम करणारा ऑब्जेक्ट) आणि ॲक्शन (ते काम) कोणी विचारत नाही; ॲक्शन आतल्या यूआयबटनला जोडावी लागते. बटणाऐवजी नुसता यूआयइमेजव्ह्यू दिला असेल तर त्याचं यूझर इंटरॅक्शन मुळातच बंद असतं. ही दोन नसतील तर आयटेम कुठे तयार केलाय ते बघा. क्लासच्या वरच्या भागात 'लेट' म्हणून थेट प्रॉपर्टीत तयार केला आणि टार्गेट म्हणून सेल्फ दिलं, तर त्या वेळी तुमचा कंट्रोलर जन्मालाच आलेला नसतो आणि ते सेल्फ म्हणजे तुमचा ऑब्जेक्ट नसतो. नवा कम्पायलर इशारा देतो, पण इशाऱ्यांच्या गर्दीत तो कोण वाचतं! 'लेझी व्हार' करा किंवा आयटेम व्ह्यूडिडलोडमध्ये तयार करा. शिवाय आयटेम टार्गेटला घट्ट धरून ठेवत नाही, त्यामुळे टार्गेट म्हणून दिलेला वेगळा हेल्पर ऑब्जेक्ट दुसऱ्या कोणी धरला नसेल तर तो केव्हाच नाहीसा झालेला असतो.

आयओएस १४ पासून टार्गेट-ॲक्शनऐवजी प्रायमरीॲक्शन देता येते, म्हणजे यूआयॲक्शन आणि क्लोजर (तिथेच लिहिलेला कोडचा तुकडा). मी आता हेच वापरतो. क्लोजरमध्ये सेल्फ वीक घ्या, म्हणजे घट्ट न धरता, नाहीतर चक्र तयार होतं आणि मेमरी मोकळी होत नाही: कंट्रोलर नेव्हिगेशनआयटेमला धरतो, तो बटणाला, बटण क्लोजरला आणि क्लोजर परत कंट्रोलरला.

दोन बटणांचा क्रमही इथेच सांगतो, कारण तो उलटा वाटतो. राइटबारबटनआयटेम्समधला पहिला आयटेम अगदी उजव्या कडेला बसतो, दुसरा त्याच्या डावीकडे. फोटो कडेला हवा असेल तर तो ॲरेत पहिला.

मागे जाण्याचा बाण

तुम्ही लेफ्टबारबटनआयटेम म्हणून स्वतःचा बाण दिला आहे. त्यामुळे सिस्टमचं बॅक बटण गेलं, आणि त्याच्याबरोबर कडेवरून स्वाइप करणंही. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे इंटरॅक्टिव्हपॉपजेश्चररेकग्नायझरचा (हे स्वाइप ओळखणाऱ्या घटकाचा) डेलिगेट, म्हणजे स्वाइप चालू द्यायचं की नाही हे ठरवणारा ऑब्जेक्ट, निल करणं. स्वाइप परत येतं खरं, पण पहिल्याच पडद्यावर असताना कोणी कडेवरून बोट ओढलं आणि मग पुढच्या पडद्यावर जायला गेलं, तर ॲप गोठल्यासारखं होऊ शकतं. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण पहिल्या पडद्यावर मागे ओढायला कोण जातं? ग्राहक जातात.

खरं तर बॅक बटण बदलायचंच नाही, फक्त त्याचं चित्र बदलायचं. यूआयनेव्हिगेशनबारअपिअरन्समध्ये सेटबॅकइंडिकेटरइमेज आहे. ती बाणाचं चित्र आणि ट्रान्झिशन मास्क अशी दोन चित्रं मागते. दोन्हीकडे तोच बाण द्या. हा अपिअरन्स स्टँडर्ड (नेहमीचं रूप) आणि स्क्रोलएज (यादी वरच्या टोकाला असतानाचं रूप) दोन्हींना लावा, नाहीतर आयओएस १५ पासून यादी वरच्या टोकाला असताना बारची पार्श्वभूमी पारदर्शक होते आणि तुम्ही नवीनच बग शोधत बसता. बाणाशेजारचे शब्द नको असतील तर बॅकबटनडिस्प्लेमोड मिनिमल करा. मात्र ते ज्या पडद्यावर परतायचं आहे त्याच्या नेव्हिगेशनआयटेमवर करायचं, आत्ता दिसणाऱ्या पडद्याच्या नव्हे.

आयओएस २६ वर काय दिसेल

आयओएस २६ च्या एसडीकेवर (ॲप बांधायच्या साधनांच्या संचावर) ॲप बिल्ड केलं की बारमधली बटणं काचेसारख्या पार्श्वभूमीवर येतात, आणि शेजारशेजारची चित्रांची बटणं एकाच काचेत बसतात. कार्टला ते शोभतं. गोल फोटो त्या काचेत अवघडल्यासारखा दिसतो. त्या आयटेमला हाइड्सशेअर्डबॅकग्राउंड ट्रू करा, काच निघून जाते. दोन बटणं वेगळ्या काचांत हवी असतील तर मध्ये फिक्स्डस्पेस टाका. ज्यांनी कस्टमव्ह्यूमध्ये स्वतःची सावली आणि गोल पार्श्वभूमी काढली होती, त्यांच्याकडे आता काचेत काच दिसते. इन्फो पीलिस्टमध्ये यूआयडिझाइनरिक्वायर्सकम्पॅटिबिलिटी ही की टाकून जुनं रूप ठेवता येतं, पण ती सवलत तात्पुरती आहे. तिच्या भरवशावर राहू नका.

चित्राच्या बटणाला ॲक्सेसिबिलिटीलेबल द्याच. नाहीतर व्हॉइसओव्हर, म्हणजे पडदा मोठ्याने वाचणारी आयफोनची सोय, फाइलचं नाव वाचून दाखवू शकतो: 'आयसी अंडरस्कोर कार्ट फायनल'. ॲप मराठीत असेल तर लेबलही लोकलायझेशनच्या फाइलमधून मराठीत येऊ द्या. आयटेमला चित्राबरोबर शीर्षकही द्यावं, कारण मोठ्या अक्षरांचं सेटिंग लावलेल्या माणसाने बटण दाबून धरलं की पडद्याच्या मधोमध चित्र आणि नाव मोठं होऊन दिसतं. साध्या आयटेमला हे आपोआप मिळतं, कस्टमव्ह्यूला नाही.

उद्या हेच स्विफ्टयूआयमध्ये, म्हणजे ॲपलच्या नव्या लायब्ररीत, करायचं झालं तर टूलबारमध्ये टूलबारआयटेम, प्लेसमेंट टॉपबारट्रेलिंग, आत बटण आणि त्याच्या लेबलमध्ये इमेज. रंग राखायला रेंडरिंगमोड ओरिजिनल, माप द्यायला आधी रिसायझेबल आणि मग फ्रेम. काच नको असेल तर शेअर्डबॅकग्राउंडव्हिजिबिलिटी हिडन. अँड्रॉइडवरही रंगीत आयकॉन एकरंगी होण्याची तक्रार नेहमीची आहे. कम्पोजमधलं (अँड्रॉइडच्या नव्या लायब्ररीतलं) आयकॉन हे कम्पोझेबल चित्राला टिंट लावतं. टिंट कलर अनस्पेसिफाइड करा किंवा सरळ इमेज वापरा. जुन्या बॉटमनेव्हिगेशनव्ह्यूमध्ये आयटेमआयकॉनटिंटलिस्ट नल केली की रंग परत येतात. तिथे आयकॉन २४ डीपीचं (डीपी म्हणजे अँड्रॉइडचा पॉइंट) आणि टॅपची जागा ४८ डीपीची.

एवढं करूनही बटण दिसतच नसेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, आयटेम सेल्फच्या नेव्हिगेशनआयटेमला लावलाय की नेव्हिगेशनकंट्रोलरच्या नेव्हिगेशनआयटेमला. दुसरा प्रकार कम्पाइल होतो, चालतो आणि काहीच दाखवत नाही. दुसरी, टॅब बार कंट्रोलर नेव्हिगेशन कंट्रोलरच्या आत आहे का. तसं असेल तर बार टॅब बार कंट्रोलरचा आयटेम दाखवतो, आतल्या पडद्याचा नाही. प्रत्येक टॅबला स्वतःचा नेव्हिगेशन कंट्रोलर द्या आणि टॅब बार बाहेर ठेवा. चालू ॲपमध्ये एक्सकोडची 'डिबग व्ह्यू हायरार्की' उघडली की बारच्या आत नेमकं काय बसलंय आणि किती रुंदीचं, हे लगेच कळतं. तिथे तुमचं बटण नसेल तर पडद्यांची मांडणी कशी केली आहे ते लिहून पाठवा, पुढचं तेव्हा बघू.